दहाव्या दिवसाची खपली

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. मारतहळ्ळी

आले एकदाची बंगळुरूला. भाऊबीज झाली, ओवाळणीत मिळालेली साडी बॅगेत कोंबली आणि आईच्या शंभर सूचना ऐकून गाडीत बसले. मकरंद सप्टेंबरपासून इथे नोकरीला आहे. मी मात्र नागपूरला आईकडे, तीन महिने पलंगावर. आधीची दोन्ही बाळं तिसऱ्या महिन्यातच गेली, म्हणून या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला जिनासुद्धा चढू दिला नव्हता. आता चौथा लागला. हिंडा-फिरा, म्हणाल्या. मला तर पंख फुटल्यासारखं झालं.

घर छान आहे. तिसरा मजला, लिफ्ट, समोर मोठं झाड आणि हवा अशी की पंखा लावायला नको. नवऱ्याने स्वागताची जय्यत तयारी केली होती, म्हणजे दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं आणि दारामागे आठवड्याचा केर लोटून ठेवला होता. फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाची पिशवी फुगून फुटलेली, तिच्यावर राखाडी लव. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा बोळा होता. काडीने ओढला तर येतच राहिला, साबणाच्या बुळबुळीसकट. मला दोनदा ओकारी आली आणि मकरंद मात्र पोट धरून हसत होता.

मला किळस लवकर येते हे खरंच आहे. या पोरीचं नाक देवाने मुरडूनच पाठवलंय, असं आई म्हणते.

ही वहीसुद्धा डॉक्टरीणबाईंचीच आज्ञा. रोज काय खाल्लं आणि कसं वाटलं ते लिहायचं. आज: पोळी, मुगाची डाळ, दोन केळी. मस्त वाटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आंघोळीच्या वेळी छातीवर एक लाल ठिपका दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा, फुगीर, रक्ताचा थेंब कातडीखाली अडकावा तसा. नखाने दाबला तर जरा फिका झाला आणि परत भरला. गळ्याखाली अजून दोन होते. अंगावर शिरशिरीच आली. मकरंद म्हणाला की तीळ असेल, लाल तीळ भाग्याचा. भाग्य हवं असेल तर तू लावून घे, म्हटलं मी.

मागच्या गल्लीत त्वचेचा दवाखाना आहे. डॉक्टर पद्माकर राव, साठीचे, शांत. माझं आडनाव वाचून मराठीतच बोलायला लागले. त्यांच्या चार पिढ्या इथे गेल्या म्हणे, त्यामुळे मराठीत मध्येच ‘थोडं’ला ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ला ‘सरी’ येतं, ऐकायला गोड वाटतं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, तिशीनंतर पुष्कळांना होतो, गरोदरपणात जरा जास्तच. अपाय काही नाही, नाही काढलं तरी चालेल. मी म्हटलं, मला बघवत नाहीत, काढाच.

काढायचे म्हणजे गोठवायचे. द्रवरूप नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव. पिचकारीसारखं यंत्र, टोकातून पांढरी वाफ. दहा मोजेपर्यंत ठिपका पांढरा दगड झाला. दुखलं, पण विंचवाच्या नांगीपेक्षा कमीच. आता फोड येईल, मग खपली धरेल. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. खपली घरी खरवडायची नाही आणि घरी पडू द्यायची नाही. दहाव्या दिवशी इथे येऊन अक्कांकडून काढून घ्यायची. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, धनलक्ष्मी.

बोलता बोलता कळलं की त्यांची मदतनीस लग्न होऊन गेलीय. मी नागपूरला दाताच्या दवाखान्यात सहा वर्षं काढलीत, हे मी सहजच सांगितलं. निघताना माझ्या हातात तपासणीच्या चिठ्ठीबरोबर नोकरीही होती. अर्धा दिवस, बसून काम. मकरंदने कुरकुर केली, पण माझा उत्साह बघून हो म्हणाला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काम सोपं आहे. येणारे बहुतेक आयटीतले, तिशी-चाळिशीचे. मी छापील मानवाकृतीवर त्यांचे ठिपके उतरवून घेते, अंगावर पेनाने गोल काढते, डॉक्टर गोठवतात. नायट्रोजनचा डबा पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतून आठवड्यातून दोनदा येतो. झाकण उघडलं की वाफ जमिनीवर उतरते आणि पावलांपाशी लोळते. मला ते बघायला आवडतं.

माणसांची शरीरं मात्र आवडत नाहीत, काय करू. आज एकजण आला होता, पाठीवर सत्तेचाळीस ठिपके. घामट पाठ, केसांतून डोकावणारे लाल दाणे, जणू डाळिंब फोडून चिकटवलंय. एकावर त्याने खाजवलं होतं, तिथून रक्ताची धार कमरेपर्यंत वाळलेली. मी श्वास रोखून गोल काढले.

अक्कांची खोली आतल्या बाजूला. दहाव्या दिवसाचे लोक तिकडे जातात, दार बंद होतं, पाच मिनिटांनी सोललेल्या गुलाबी डागांसकट बाहेर येतात. अक्का सत्तरीच्या, बारीक, कपाळावर मोठं कुंकू. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी विचारलं, कितवा? मी आनंदाने सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण त्या हसल्या नाहीत. आत यायचं नाही मा तू, एवढंच म्हणाल्या.

आज: दोन पोळ्या, पालक, ताक. आंबट-खारट खावंसं वाटतं सारखं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

माझा दहावा दिवस. तेवढ्यापुरतं अक्कांनी आत घेतलं. तीन खपल्या होत्या, काळपट तपकिरी, कडा उचललेल्या. त्यांनी चिमट्याने एकेक उचलून कागदाच्या घडीत ठेवली. खाली पडू नये म्हणून छातीशी ताटलीसुद्धा धरली होती. एवढी काळजी कशाला, मी विचारलं. स्वच्छता, म्हणाल्या. म्हटलं, ही बाई माझ्यासारखीच आहे.

घरी आल्यावर आरशात कितीतरी वेळ स्वतःचा गळा बघितला. अगदी कोरा होता. फार बरं वाटलं.

डोहाळे मात्र जोरात आहेत. खारट, खारट, खारट. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, जे मागेल ते दे, डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचे कान फुटतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अक्कांच्या खोलीला रंग लावणं चाललंय. त्यांचं सामान पॅन्ट्रीत आलंय, आणि त्या रंगाचा वास सोसत नाही म्हणून दुपारी घरी जातात.

एक वाजता पेरू कापला आणि बघते तर मिठाची बरणी रिकामी. वरच्या फळीवर स्टीलची मोठी डबी दिसली. उघडली तर जाडं मीठ, भरडलेले मिरे आणि त्यात तपकिरी बारीक काप, तळलेल्या लसणाचे असावेत असे. इथे पेरूच्या गाडीवर असलंच काहीतरी लावून देतात. बोट बुडवून चाखलं. काय सांगू! मिऱ्याचा ठसका, मिठाचा खडा, आणि ते काप दाताखाली कुरकुरतात, मग जरा चिवट होतात. जिभेला लोखंडासारखी चव राहते. पेरू संपला तरी मी नुसतंच चाटत बसले.

न विचारता घेतलं म्हणून ओशाळले. पण चिमूटभर मिठासाठी म्हाताऱ्या बाईला फोन कुठे करायचा?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

चोराच्या मनात चांदणं. दार वाजलं की डबीचं झाकण लावते. रोज एकच्या ठोक्याला लाळ सुटते. काल काकडी, आज कैरी मिळाली. खरं सांगायचं तर आता मीठ बाजूला सारून आधी काप वेचते. मोठे असतात ते जास्त चांगले, आतून मऊ. आज कागदाच्या पुडीत थोडे घरीही आणले आणि वरणभातावर घातले. मकरंदला दिले नाहीत. तो हसला, म्हणाला, बाळ आत्ताच हिस्सेदारी दाखवतंय.

वजन वाढलंय. चेहऱ्यावर तेज आलंय असं शेजारीणसुद्धा म्हणाली.

२ डिसेंबर, सोमवार

आज बाळ हललं!

दुपारी डबीपाशी उभी होते. पोटात आतून कुणीतरी बोटाने टिचकी मारल्यासारखं. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि रडले. दोन वेळा इथवर आलेच नव्हते मी. मकरंदला फोन केला, त्याला मीटिंगमधून उठवलं. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

हे बाळ हवंय मला. दुसरं काही मागत नाही.

जिभेवर काहीतरी टोचतंय, मिऱ्याने सोलली असेल.

५ डिसेंबर, गुरुवार

मिऱ्याने नाही. आरशासमोर जीभ बाहेर काढली. कडेने सात-आठ लाल दाणे, फुगीर, चकचकीत. टाळूवर बोट फिरवलं तर तिथेही, पिकलेल्या तुतीसारखी टाळू. बोट बाहेर काढलं त्याला रक्त. गालाच्या आतून एक देठाला लोंबतोय, बोलताना दाताखाली येतो. आज आला. फुटला. तोंडभर कोमट –

मी गिळलं. थुंकायला हवं होतं, पण गिळलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

लिहवत नाही पण लिहिते, कारण काय खाल्लं ते लिहायचं असतं.

उद्या इथे सुब्रह्मण्य षष्ठी, आपली चंपाषष्ठी. अक्का सकाळीच आल्या आणि फळीवरची डबी उतरवली. उतरवताच थांबल्या. वजनावरून कळलं त्यांना. उघडून माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठाच्या कोपऱ्यात मिऱ्याचा कण असावा.

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. इकडची रीतच आहे. अंगावर चामखीळ, मस, तीळ असं काही उगवलं की मीठ-मिरे वाहायचे. मीठ पाण्यात विरघळतं तसं ते विरघळतं. आनेकलच्या पुढे एका तळ्याकाठी नागाचे दगड आहेत, अक्का दर वर्षी षष्ठीला तिथे जातात. भाऊ गोठवतो, पण थंडीने ते मरत नाही, नुसतं झोपतं, असं त्या म्हणाल्या. म्हणून खपली कुणाच्या घरी पडू द्यायची नाही. ती मिठात ठेवायची आणि षष्ठीला तळ्यात सोडायची.

वर्षभराच्या खपल्या. त्या डबीत.

ते काप लसूण नव्हते.

मी पंधरा दिवस – त्या सत्तेचाळीस ठिपकेवाल्याच्या पाठीचे – वेचून, मोठे मोठे आधी – आतून मऊ म्हणून – माझ्या स्वतःच्या तीनही त्यातच असतील. घामट पाठ, काखा, मांड्या, पुरुषांच्या, म्हाताऱ्यांच्या. दातात अडकलेले मी जिभेने सोडवून पुन्हा चघळले आहेत. मोरीत घशात बोटं घालून ओकले. पित्तात तपकिरी तुकडे तरंगत होते. एकाला केस होता.

संध्याकाळपर्यंत अकरा वेळा दात घासले. हिरड्या सोलल्या. चव जात नाही.

७ डिसेंबर, शनिवार

मकरंदला सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून बेसिनकडे धावला. रविवारीसुद्धा लॅब उघडी शोधून सगळ्या तपासण्या करू म्हणाला.

डॉक्टरांना फोन केला. त्यांना वाईट वाटलं, मनापासून. म्हणाले, खपली म्हणजे वाळलेलं रक्त आणि मेलेली कातडी, पोटात पचून जाते. तोंडातले दाणेही निरुपद्रवीच, बाळंतपणानंतर ओसरतील. अक्काच्या श्रद्धेत मी पडत नाही, पण डबी पॅन्ट्रीत ठेवायला नको होती, माझी चूक.

त्यांच्या बोलण्याने धीर आला. मग नळ सोडून अंघोळीला बसले तर बेंबीभोवती लाल कडं दिसलं. काल नव्हतं.

१० डिसेंबर, मंगळवार

रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले. हिमोग्लोबिन तर कधी नव्हतं इतकं.

बेंबीभोवती आता ओंजळभर आहेत. एकमेकांना चिकटून, वर तकाकी. परकराची नाडी घासली की फुटतात, कपडा चिकटतो, सोडवताना येतो तो आवाज – नको.

पण बाळ हलत नाहीये. शुक्रवारी शेवटची टिचकी. त्यानंतर चार दिवस काही नाही. मकरंद म्हणतो इतक्या लवकर रोज जाणवत नसतं. त्याला काय माहीत?

आज: काही खाल्लं नाही. जे खावंसं वाटतं ते लिहिणार नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

अक्का घरी आल्या. रिक्षाने, एकट्याच. माझं पोट बघायला मागितलं. बोट न लावता बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

त्या जे बोलल्या ते तसंच लिहिते. म्हणाल्या, ते तुला चिकटलं नाही मा, पोटातल्याला चिकटलंय. नवं रक्त त्यांना आवडतं. आता आत आहे ते सगळं तेच आहे. खायला मागेल, देऊ नको. शेवटचं दिलंस त्याला दहा दिवस झाले की आपसूक सुटेल. खपलीसारखं सुटेल, स्वल्प रक्त जाईल, तू वाचशील.

मी बोटांवर मोजलं. सहाला शेवटचं. सोळाला दहा.

मी त्यांना घराबाहेर काढलं. सत्तर वर्षांच्या बाईला हाताला धरून. दार लावल्यावर पोटावर हात ठेवला तर हात ओला झाला. माझी मलाच शिसारी आली, आणि लगेच लाज वाटली, की आत बाळ आहे, त्याला कळेल.

१४ डिसेंबर, शनिवार

सोनोग्राफी. ठोके आहेत, पण मंद. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढ थांबल्यासारखी दिसते, आठवडाभर थांबून पाहू. तिसऱ्यांदा ऐकतेय हे वाक्य. आधीच्या दोन्ही वेळा आठवडाभराने पाहायला काही उरलं नव्हतं.

पडद्यावर नाक दिसलं. मकरंदचं नाक.

ते तेच कसं असेल? त्याला नाक आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी कपड्याला रक्ताचा डाग. नंतर जास्त.

मकरंद ऑफिसला गेला होता. मी साडी गुंडाळली आणि दवाखान्यात गेले. कामावर आलेय म्हटलं. अक्का देवळात. खोलीच्या ड्रॉवरमध्ये कागदाच्या घड्या, शनिवारच्या. कुणाच्या ते वर लिहिलेलं असतं, मी वाचलं नाही. वाचलं असतं तर –

एक उघडली. सहा होत्या, पाण्यात भिजलेल्या मनुकांसारख्या, एकीच्या खाली अजून पिवळं ओलं. वास आला, जखमेच्या पट्टीचा. डोळे मिटले. पोटातून उमळून आलं ते परत गिळलं आणि त्यावर खपली ठेवली. मिठाशिवाय. जिभेवर फुगते ती. चावावी लागते.

तिसरी संपायच्या आत त्याने टिचकी मारली.

मग दुसरी. मग कितीतरी.

दुपारनंतर डाग बंद.

मी खिडकीत बसून हसत होते. तोंडाला रक्त होतं, पुसलं. आई खरंच म्हणते, जे मागेल ते द्यावं.

१८ डिसेंबर, बुधवार

पकडलं. अक्कांनीच. ओरडल्या नाहीत. डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर माझ्याशी फार हळू बोलले, जसं वेड्याशी बोलतात. उद्यापासून नको येऊ, आराम कर, एका चांगल्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर देतो. मकरंदलाही फोन केला त्यांनी.

मकरंद रडला. माझे हात धरून. म्हणाला, बाळ राहिलं नाही तरी चालेल, तू हवीस.

असं बोलायचं असतं का. बाळाला ऐकू येतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

मकरंद घरूनच काम करतोय. नजर ठेवतो. समोर बसून भात भरवतो. भाताचा घास मातीसारखा. तो उठला की थुंकते.

टिचकी नाही. सकाळपासून.

माझ्याच पोटावर किती आहेत. न्हाणीघरात कडी लावली. नखाने एकेक – खुडले. पांढरा देठ येतो मागून, तुटेस्तोवर लांबतो. वीसेक खाल्ले. कोमट, बुळबुळीत. तो जाळीतला केसांचा बोळा बरा.

नाही हललं. माझं त्याला चालत नाही. माझं तर तो रोजच खातोय. परकं हवं.

२० डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा डाग.

खोलीचं दार बाहेरून बंद. माझ्याच भल्यासाठी, म्हणतो.

खिडकीतून माणसं दिसतात. हाफ पॅन्टी, उघडे दंड, मानेच्या मागे एकेक लाल दाणा, कुणाला ठाऊकसुद्धा नसतो. इतकी माणसं. एवढंसं मागतोय तो.

मला किळस यायला हवी. शोधतेय ती. येत नाही. फक्त भूक –

माझी नाही. त्याची.

२२ डिसेंबर, रविवार. दुपार

मकरंद जेवून इथेच आडवा झालाय, पालथा. खिडक्याही बंद ठेवतो, उकडतंय म्हणून बनियन काढलाय. दोन दिवस झोपला नाही बिचारा, लगेच डोळा लागला.

पाठीवर आहेत त्याच्या. पाच. मी लग्नानंतर इतकं निरखून कधी बघितलंच नव्हतं.

गोठवायला काही नाही. दहा दिवस तर नाहीतच, रक्त थांबत नाहीये – पण ओलंही चालेल. त्याला चालेल, त्याच्या बापाचंच तर –

वही मांडीवर, हात त्याच्या पाठीवर. नख लावलं. बारीक होता, पटकन निघाला.

हललं. हललं! जोरात, जिवंत –

मकरंद झोपेतच कुरकुरला. वाटलं उठतोय. नाही. म्हणाला, बरं वाटतंय, थोडं डावीकडे खाजव.

डावीकडे मोठा आहे. जरा खोल –